मॅचची पैज राहते

आमच्या घरात कोणतं काम कोणी करायचं हे क्रिकेटवर ठरायचं. हे सांगितलं की लोक हसतात, त्यांना वाटतं मी रंगवून सांगतेय. पण दुबईत, बर दुबई नावाच्या भागातल्या आमच्या दोन खोल्यांत खरोखरच तसं चालायचं. अल क्वोजच्या कारखान्यांच्या भागात, एका टायरवाल्याच्या आणि एका मार्बलच्या गोदामाच्या मधे, बाबांचं आणि नंदूकाकाचं किचन होतं. तिथून ऑफिसांना आणि आसपासच्या कामगारांच्या कॅम्पना दुपारचं जेवण जायचं. नंदूकाका म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. लग्न व्हायचं होतं, राहायचा आमच्याकडेच, हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचा आणि सकाळी आपल्या पांघरुणाची घडी इतकी नीट घालायचा की आई मला ती दाखवून टोमणे मारायची. किचनमधली जी कामं कुणालाच नको असायची, ती शुक्रवारी घरी पैजेवर वाटली जायची. पोतंभर लसूण सोलणं, म्युनिसिपालिटीत जाऊन ताटकळणं, एक्झॉस्टची चिकट जाळी धुणं, आणि सगळ्यात नकोशी म्हणजे भर उन्हाळ्यातली अबुधाबीची फेरी, कारण व्हॅनचा एसी कायम आजारी असायचा. घरातली भांडी आणि गॅलरीतली वाळू यांच्यासाठी मग आई आणि मीही त्यात ओढल्या गेलो.

पैशाची पैज मात्र नाही. तो बाबांचा नियम होता आणि त्यात ते कुणाचं ऐकायचे नाहीत. ‘या देशात जुगार चालत नाही. पकडले गेलो की व्हिसा खलास, आणि पुढच्या विमानाने सगळे कराडला,’ असं ते दर मोसमाला एकदा बजावायचे. आम्ही मूळचे कराडचे. तिथे माझे आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मिरची कांडपाची गिरणी चालवायचे. आमच्या किचनची सगळी चव त्या गिरणीतून यायची. कुणी ना कुणी गावाहून येताना कांदा-लसूण मसाल्याचे डबे आणायचं, आणि माझ्या शाळेच्या युनिफॉर्मलाही त्याचा वास असायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या तेव्हा मला लाज वाटायची. आता तो वास कुठे आला तर मी उगाच तिथे रेंगाळते.

पैजांची सगळी भाषा आणली ती नंदूकाकाने. दुबईला येण्याआधी तो कोल्हापुरात एका लॉजचा मॅनेजर होता. मोठी मॅच असली की तिथली वरच्या मजल्यावरची खोली एक बुकी दिवसभरासाठी घ्यायचा. टीव्ही, ओळीने टेलिफोन आणि सतत चहा. नंदूकाकाने स्वतः तिथे कधी पैज लावली नाही असं तो सांगायचा, आणि माझा त्यावर विश्वास आहे, कारण लावणाऱ्यांविषयी बोलताना त्याच्या आवाजात कौतुक नसायचं. ‘लावताना प्रत्येक जण राजा असतो गं वैजू,’ तो म्हणायचा, ‘आणि हरला की वकील होतो. पाऊसच पडला, अंपायरच चुकला, मी तसं म्हणालोच नव्हतो. म्हणून शहाणा बुकी आधी नियम सांगतो, मग भाव.’ आमच्या घरचे नियम त्याने त्या लॉजवरून जसेच्या तसे उचलले होते. फक्त पैशाच्या जागी लसूण आला.

सगळ्यात सरळ ती मॅचची पैज, म्हणजे कोण जिंकणार. त्यात आमच्याकडे रिवाज असा की थोरल्याने आधी बाजू निवडायची. बाबा थोरले, आणि बाबा भारतच घेणार हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. त्यामुळे नंदूकाकाच्या वाट्याला कायम समोरचा संघ. त्याची फार पंचाईत व्हायची. भारताचा चौकार गेला की तोंडातून आधी ‘शाब्बास’ निघायचं आणि मग ‘अरेरे, माझी जाळी!’ एकीकडे टाळ्या आणि दुसरीकडे कपाळाला हात, असा तो पूर्ण मॅच बघायचा, आणि आम्ही टीव्ही सोडून त्याच्याकडेच बघायचो. भारताने कुणाला धूळ चारली की तो हरलेला असूनही शिरा करायला लावायचा, आणि शिरा खाऊन झाला की तक्रार न करता जाळी धुवायला बसायचा.

समोरचा संघ अगदीच लिंबूटिंबू असला तर ही वाटणी अन्यायाची व्हायची. त्यासाठी भाव. भारत जिंकला तर नंदूकाकाने एक दिवस लसूण सोलायचा, पण तो लिंबूटिंबू जिंकला तर बाबांनी चार दिवस. जे घडणं सोपं त्याचं फळ थोडं, जे अवघड त्याचं भरपूर. ‘सो इट्स लाइक मोअर मार्क्स फॉर हार्ड क्वेश्चन्स?’ मी विचारलं होतं. त्या वयात मी घरात सरळ मराठीत उत्तर देणं म्हणजे आईला देव पावल्यासारखं वाटायचं. ‘तसंच,’ नंदूकाका म्हणाला, ‘फक्त इथे अभ्यास करून काही उपयोग नाही.’ एकदा खरोखरच तसा एक संघ जिंकला आणि बाबांनी चार दिवस लसूण सोलला. बोटांची सालं निघाली, तरी अंगात ताप असताना चौथ्या दिवशीची टोपली त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला होता.

आईचा प्रांत वेगळा, सेशनचा. पहिल्या पंधरा ओव्हरमध्ये किती धावा होतील याचा एक आकडा नंदूकाका बोलायचा, समजा सत्तर, आणि तुम्ही ‘वर’ किंवा ‘खाली’ म्हणायचं. पुढे मॅच कोण जिंकतं याच्याशी त्या पैजेचा संबंध नाही. पंधरावी ओव्हर संपली की पैज मिटली. आईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि सेशनमध्ये तिला कुणी हरवू शकत नव्हतं. पोळी लाटता लाटता ती स्वयंपाकघरातूनच ‘खाली’ म्हणायची आणि बाहेर विकेट पडायची. मला आवडायची साखळी. टॉस आपण जिंकणार, अमुक जण पन्नास करणार आणि मॅचही आपली, अशा तीन गोष्टी एकात ओवायच्या. सगळ्या खऱ्या झाल्या तर महिनाभर भांडी माफ, एक जरी चुकली तरी सगळं गेलं. अठ्ठेचाळीसवर आउट झालेल्या माणसासाठी मी रडलेय. ‘जवळजवळला काही मिळत नाही, बाई,’ म्हणत नंदूकाका माझ्या हातात घासणी द्यायचा.

आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पैज मिटवायची कशी. पानं वाढायच्या आधी निकाल बोलायचा, त्याच दिवशी, आणि एकदा बोलला की त्यावर वाद नाही. मॅच बरोबरीत सुटली तर दोघांनीही पैज मागे घ्यायची. ज्याच्या धावांवर पैज होती तो बॅटिंगलाच आला नाही तर ती रद्द. पावसाने मॅच धुऊन गेली, निकालच लागला नाही, तर सगळंच रद्द. पण पाऊस येऊन ओव्हर कापल्या आणि तरी निकाल लागला, तर? यावर एकदा खूप वाजलं होतं. कापाकापीत सेशन अर्धवट राहिलं होतं आणि भारत जिंकला होता. नंदूकाका, जो हरला होता, त्याने लाडात येऊन विचारून बघितलं: ‘दादा, मॅच पूर्ण कुठे झाली?’ बाबा ताडकन उठून बसले. ‘सेशन रद्द. मॅचची पैज राहते. पंचांनी निकाल दिला की नाही? मग ओव्हर पन्नास झाल्या काय नि तीस झाल्या काय. चल, यल्ला, जाळी काढ.’ नंदूकाका हसत उठला. ‘बरोबर आहे,’ तो म्हणाला, ‘बघत होतो वकिली जमते का.’

हल्ली माझ्या फोनवर कुठलं ना कुठलं ॲप मला पैज लावायला बोलावत असतं. पुढच्या चेंडूवर काय होईल इथपर्यंत त्यांची मजल गेली आहे. माझ्या मावसबहिणीचा मुलगा मला ते ऑड्स-बिड्स समजावून सांगायला बसला तेव्हा मी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. नवीन काहीच नव्हतं. तोच भाव, तीच साखळी, नियमांमध्ये पावसाची तीच कलमं. मला इतकं कसं माहीत, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घरचंच शिक्षण आहे.

त्या काळात नंदूकाका अबुधाबीची फेरी फार हरायला लागला आहे, हे घरात सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. भाव त्याच्या बाजूने असला तरी तो ‘राहू दे, सरळ एकास एक’ म्हणायचा. बारावीतल्या मुलीला एवढं कळतं. सुट्टीत एकदा मी हट्टाने व्हॅनमध्ये त्याच्या शेजारी बसले. ऑफिसांचे डबे उतरवून झाल्यावर व्हॅन एका हॉस्पिटलच्या मागच्या गेटापाशी थांबली आणि पांढऱ्या युनिफॉर्ममधली एक बाई बाहेर आली. तिचं नाव सुनंदा, कोल्हापूरकडची, तिथे सिस्टर होती. नंदूकाकाने तिला एक डबा दिला, तिने त्याला आदल्या खेपेचा रिकामा दिला, आणि दोघं उन्हात उभी राहून मसाला तिखट होता की नाही यावर बोलत राहिली. एवढंच. पण मी माझ्या काकाला आधी कधी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. परत येताना तो म्हणाला, ‘दादाला मी गणपतीत सांगणार आहे. तोवर तोंड बंद.’ मी म्हटलं, ‘ऑफकोर्स. बट यू हॅव टु विन समटाइम्स, काका. ही विल गेट सस्पिशस.’ तो इतका हसला की आमची लेन चुकली.

गणपतीच्या आधीच कराडहून फोन आला. अण्णा गिरणीत पडले, अर्धांगाने उजवी बाजू गेली. आजी तर मी लहान असतानाच गेली होती. बाबा धावत जाऊन आले, त्यांच्या सेवेला एक माणूस ठेवून आले, आणि तो माणूस महिन्याच्या आत पळाला. दुसरा ठेवला, त्याला अण्णांनीच हाकललं. त्यांना दुबईला आणायचं म्हणून बाबांनी फोनवर खूप मनवलं. अण्णांचं बोलणं तेव्हा कुणाला कळायचं नाही, पण त्यांचा तो ‘नाही’ हॉलमध्ये बसलेल्या आम्हा सगळ्यांना रिसीव्हरबाहेर ऐकू आला. म्हणजे दोघांपैकी एकाने कायमचं परत जायचं हे उघड होतं, आणि कुणी जायचं हे कुणी बोलत नव्हतं. किचनचं लायसन्स बाबांच्या नावावर होतं, माझं बारावीचं वर्ष होतं, आईचं सगळं बस्तान इथे होतं. दुसरीकडे नंदूकाकाच्या हाताशिवाय त्या किचनमध्ये पातेलं हलत नव्हतं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं. जेवताना चमच्यांचेच आवाज यायचे. शेजारच्या फ्लॅटमधली मुलं भांडायला लागली की आम्हाला बरं वाटायचं, निदान घरात आवाज तरी यायचा.

बाबांनी ‘नंदू, तू जा’ म्हटलं असतं तर तो विषय तिथे संपला असता. पण नंदूकाकाला दुबईला बोलावून आणणारे बाबाच होते. त्याला आता उचलून परत पाठवणं त्यांच्या जिवावर येत होतं. त्यांना थोरलेपणाचा मान हवा होता, वाईटपणा नको होता. हे मी आज म्हणतेय. तेव्हा मला ते फक्त दमलेले दिसायचे. एका गुरुवारी ते किचनमधून आले, बूट काढता काढता म्हणाले, ‘उद्या इंग्लंडमधली मॅच आहे. त्यावर ठरवूया. हरेल त्याने कराडला जायचं.’

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘अहो, काहीतरीच काय? ही काय जाळी धुवायची आहे?’

‘मग दुसरं कसं ठरवायचं सांग,’ बाबा म्हणाले. ‘आजवर या घरात याच्यावरून कधी भांडण झालंय?’

नंदूकाका टेलिफोनच्या टेबलापाशी उभा होता. तो बाबांकडे खूप वेळ बघत राहिला. मला वाटलं आता तो सुनंदाचं सांगेल, आणि मी मनातल्या मनात त्याला ‘बोल, बोल’ म्हणत होते. तो म्हणाला, ‘भाव?’

‘भाव काय लावायचा याला. एकास एक.’

‘बरं. बाजू निवड.’

‘भारत,’ बाबा म्हणाले.

त्या शुक्रवारी आईने मटण केलं होतं, कारण न करणं म्हणजे काहीतरी वेगळं आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. खाली मशिदीतून नमाज सुटला, रस्त्यावर गाड्यांची गर्दी झाली आणि ओसरली, मग टीव्हीवर ते हिरवंगार मैदान आलं. बाहेर दार उघडलं तर तोंडावर भट्टीची वाफ यावी असा उकाडा, आणि टीव्हीवर स्वेटर घातलेली माणसं. आईने त्या दिवशी सेशन लावलं नाही. मी साखळी लावली नाही. नंदूकाकाच्या तोंडून एकदाही ‘शाब्बास’ निघालं नाही, आणि एकदाही ‘अरेरे’ निघालं नाही. तो हाताची घडी घालून, आयुष्यात पहिल्यांदाच, मनापासून समोरच्या संघाकडून मॅच बघत होता. ते त्याला किती जड जात होतं हे त्याच्या जबड्याकडे बघून कळत होतं. भारताची बॅटिंग झाली. समोरच्यांची सुरू झाली आणि पाऊस आला. खेळपट्टीवर कव्हर ओढली गेली, आणि आमच्या हॉलमध्ये बाबा फेऱ्या मारायला लागले. ‘धुऊन जाऊ दे,’ ते दोनदा म्हणाले. पण पाऊस थांबला. ओव्हर कापल्या, नवं लक्ष्य पडद्यावर आलं, आणि समोरच्यांनी ते गाठलं. भारत हरला. खेळाडूंनी हात मिळवले, मैदानाबाहेर गेले, जाहिराती सुरू झाल्या.

नंदूकाकाने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. काका राहणार, म्हणजे आम्ही जाणार. तरीसुद्धा खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. बाबांनी टीव्ही बंद केला आणि ते आत जाऊन खाटेवर बसले. नंदूकाका चपला घालून जरा खाली जाऊन आला. शेवटी आईने ताटं घेतली तेव्हा बाबा बाहेर आले. तोंड धुतलेलं होतं, केसही नीट केलेले होते. निकाल नेहमी बोलायचे तसा त्यांनी तो उभ्यानेच बोलून दाखवला.

‘ओव्हर कापल्या गेल्या. पूर्ण मॅच काही झाली नाही. पैज रद्द.’

आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मला वाटलं बाबा विसरले. खरंच तसं वाटलं. ‘नो, बाबा,’ मी म्हटलं, ‘दॅट्स फॉर सेशन. मॅचची पैज राहते. यू ओन्ली सेड, रिमेंबर?’

‘वैजू, कुकर बघ,’ आई म्हणाली. कुकर केव्हाच उतरवलेला होता.

‘पण काका...’

‘दादा रद्द म्हणतोय ना,’ नंदूकाका म्हणाला. तो बाबांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत मला गप्प करणं होतं. ‘मग रद्द. निकालावर वाद नाही. चला, पानं घ्या, भूक लागलीय.’

‘पुढच्या मॅचला परत बघू,’ बाबा ताटाकडे बघत म्हणाले.

‘नको,’ नंदूकाका म्हणाला. त्याने मटणाचा पहिला घास खाल्ला, मीठ बरोबर असल्याची आईला मान डोलावून पावती दिली, आणि म्हणाला, ‘दुसरी मॅच नको, दादा. मीच जातो.’

‘दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे,’ बाबा लगेच म्हणाले. ‘तोवर कुणीतरी चांगला माणूस बघू. सहा महिन्यांच्या आत एकदा येऊन जा, म्हणजे व्हिसा राहील. इन्शाल्ला, सगळं नीट होईल.’ ते खूप बोलत होते त्या रात्री. मटण संपलं नाही. दुसऱ्या दिवशी ते किचनमधल्या पोरांना वाटलं.

नंदूकाका महिनाअखेर गेला. विमानतळावर त्याने बाबांना वाकून नमस्कार केला, तसा तो गणपतीतही करायचा, पण या वेळी बाबांनी त्याचे खांदे धरले आणि सोडेचनात. अण्णांना माणूस मिळाला नाही. नंदूकाका त्यांना आंघोळ घालायचा, भरवायचा, उरलेल्या वेळात गिरणी चालवायचा. सहा महिने उलटले, व्हिसा गेला. सुनंदाच्या पगारावर तिच्या दोन भावांची शिक्षणं चालली होती, तिला नोकरी सोडून येणं शक्य नव्हतं. ती एक वर्ष थांबली. मग तिच्या घरच्यांनी दुसरीकडे जमवलं. हे तिने मला हॉस्पिटलच्या त्याच गेटाशी सांगितलं. मी आमच्या नव्या ड्रायव्हरबरोबर डबा घेऊन गेले होते, तो तिने हसून परत दिला. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. ‘मला बोलला का नाही?’ एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गॅलरीत जाऊन उभे राहिले. आमच्या घरात त्यानंतर कधी पैज लागली नाही. भांडी आपापली घासायची असा साधा नियम आला. क्रिकेट लागलं की बाबा चॅनल बदलायचे.

अण्णा गेले ते बऱ्याच वर्षांनी. मी तोवर पुण्यात नोकरीला लागले होते. दहावा-बारावा आटोपल्यावर पाहुणे पांगले, आई किचन सांभाळायला दुबईला परतली, आणि गिरणीशेजारच्या अण्णांच्या फ्लॅटमध्ये बाबा, नंदूकाका आणि मी असे तिघंच राहिलो. नंदूकाकाचे केस पिकले होते. लग्न त्याने केलं नव्हतंच. खिडकीतून गिरणीची मिरची येत होती, आम्ही तिघंही शिंकत होतो, आणि त्या शिंकांवरून थोडं हसूही झालं होतं. मी चहा घेऊन आले तेव्हा बाबा त्याच्यासमोर सतरंजीवर बसले होते. त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

‘नंदू,’ ते म्हणाले, ‘त्या दिवशी मॅचची पैज राहत होती.’

‘माहीत आहे की,’ नंदूकाका म्हणाला.

‘तू जिंकला होतास.’

‘हो.’

‘मग भांडला का नाहीस? मला दोन शब्द सुनावायचे होतेस. वैजू एवढीशी पोर, ती बोलली.’

नंदूकाकाने आपला कप उचलला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, बाबांनाही वाटलं असावं. पण त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता.

‘तू नुसतं जा म्हणाला असतास ना, दादा, तरी मी गेलो असतो. अण्णा माझेही वडीलच होते. पैज कशाला लावलीस?’ मग तो म्हणाला, ‘मॅच संपल्यावर तू आत जाऊन बसलास, तेव्हा मी खाली उतरून सुनंदाला फोन करून आलो होतो. राहतोय म्हणून. ती फोनवरच रडली आनंदाने. मग दुसऱ्या दिवशी परत फोन करावा लागला.’